कुड्यांचा वास

माझ्या थोरल्या बहिणीचा वास आता तिकीट काढून घेता येतो, ही बातमी मला माझ्या भाचीनं फोनवर दिली आणि वर म्हणाली, "मावशी, तू आनंदानं वेडी होशील बघ."

मला आधी किळस आली. पण ऋजुताला ते सांगणार कसं? ती दोन वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी कुमुदअक्का, भाजून गेली. आज ऋजुता अठ्ठावन्न वर्षांची आहे. आईचं म्हणून तिच्याजवळ लग्नातला एक फोटो होता आणि मी होते. शाळेला सुट्टी लागली की ती माझ्याकडे यायची आणि आईच्या गोष्टी ऐकायची. "बाकीचे सगळे आईबद्दल गोडगोडच बोलतात," ती म्हणायची. "ती भांडकुदळ होती, जिलेबी चोरून खायची, हे तूच सांगितलंस. तू एकटी खरं बोलतेस."

हे ऐकायला मला फार बरं वाटायचं, आणि त्याच वेळी आतून मेल्यासारखं व्हायचं. कारण अक्का गेली त्या दिवशी पोलिसांनी मला विचारलं होतं, "सासरी काही त्रास होता का?" आणि मी नाही म्हणाले होते. महिनाभर आधी अक्का माझा हात धरून म्हणाली होती, "शैला, मला इथून घेऊन चल." मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, गणपती झाले की आणू. गणपतीच्या आधीच ती गेली. मग वडील म्हणाले, पोर त्यांच्या घरात आहे, आता वाकडं बोलू नकोस, पोरीचं तोंड बघू देणार नाहीत. मी बावीस वर्षांची होते. बोलले नाही. त्या मोबदल्यात मला ऋजुता सुट्ट्यांपुरती मिळाली. खरं कळलं तर तीही जाईल, या भीतीत मी छपन्न वर्षं काढली.

अक्काचा वास मिळतो ते हिऱ्यांचं संग्रहालय कोल्हापूरच्या बाहेर, उचगावच्या पुढे महामार्गाला लागून उभं आहे. बाहेरून काचेचं, पैलू पाडल्यासारखं. उन्हात बघवत नाही. ऋजुता मला दारातच भेटली. ती नवी साडी नेसली होती.

"मावशी, चपला कसल्या घातल्यास? फोटो आहेत आज."

"तुझ्या आईनं बघितल्या असत्या तर तीही हेच म्हणाली असती," मी म्हणाले. ती खूश झाली. तिला असं काहीही पुरायचं.

पहिल्या दालनात नदीकाठची खाण होती. मेणाचे काळे पुतळे, उघड्या पाठी, कडेवर पोरं घेऊन चाळण्या हलवणाऱ्या बाया. भिंतीवर लिहिलं होतं, 'कष्टातून उजळलेले तेज'. त्याखाली एक पितळी नळी होती. नाक लावून कळ दाबली की खाणीचा वास यायचा. मी दाबली. ओली माती, बरी वाटेल इतकीच, आणि वर कसलंसं फूल. घाम नव्हता. मजुरानं खडा गिळला असेल म्हणून त्याला जुलाब देऊन कोंडून ठेवत, त्या खोलीची प्रतिकृतीही पुढे होती. तिच्यापाशी एक जोडपं उभं होतं. नवरा बायकोला म्हणाला, "तू गिळलास तर मी आठवडाभर वाट बघीन हं." ती खिदळली आणि त्यांनी त्या मातीच्या भांड्याबरोबर फोटो काढला.

नंतर राजे, मग तलवारींच्या मुठी, मग पैलू पाडणाऱ्यांची चाकं. बसून बसून पाठीत वाकलेली माणसं इथं ताठ बसवली होती. मी एकेका पाटीपाशी रेंगाळत होते. ऋजुता मात्र मला पुढे ओढत होती. "हे राहू दे गं. आपलं वरच्या मजल्यावर आहे."

वर 'गंधदालन' होतं. तिथं डॉक्टर निलोफर मुजावर नावाची एक तरुण मुलगी भेटली. ते सगळं यंत्र तिच्याच हाती. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिनं मला न कंटाळता समजावलं. तिचं बोलणं स्वच्छ होतं.

"आजी, हिऱ्याला पाणी धरत नाही, तेल धरतं. खाणीत याचाच उपयोग करायचे. चरबी फासलेल्या उतरत्या टेबलावरून दगडगोट्यांचा गाळ पाण्यानं सोडायचा. गोटे वाहून जातात, हिरे चरबीला चिकटून बसतात. अंगावरचा हिराही तसाच. कातडीचं तेल, केसांचं तेल, पावडर, जे येईल ते ओढून घेतो."

"मग धुतला की गेलं."

"वरचं जातं. पण खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत चिरा असतात. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या. त्यांत शिरलेलं तेल धुऊन निघत नाही. ते एकावर एक बसत जातं. आधीचं आत, नंतरचं बाहेर. आमचा गंधवाचक लेसरनं एकेक थर तापवतो. थरातले कण उडतात, यंत्र त्यांचं वजन करून ओळख पटवतं. मग आमच्याकडच्या चारशे अर्कांतून तोच वास पुन्हा जुळवायचा. खरा थर वाचताना जळून जातो. तुम्ही घेता ती नक्कल. पण नाकाला फरक कळत नाही."

"आणि मेलेल्या माणसाला कोण विचारतं?"

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग हळूच म्हणाली, "दान करणारे वारस सही करतात."

सही ऋजुतानं केली होती. काचेत अक्काच्या कुड्या होत्या. सासरच्या, हुकेरीकर जवाहिरांच्या, चार पिढ्या चालत आलेल्या. प्रत्येकीत सात हिरे, मध्ये एक आणि भोवती सहा, मागे कानात फिरवून बसवायचं सोन्याचं मळसूत्र. लग्नात सासूबाईंनी त्या अक्काच्या कानांत घातल्या तेव्हा त्यांचं तोंड असं झालं होतं, जणू स्वतःचेच कान कापून देत होत्या. पुढे अक्काच्या तोंडाकडे न बघता त्या तिच्या कानांकडे बघून बोलायच्या. खाली पाटी होती : 'सौ. कुमुद हुकेरीकर. स्वयंपाकघरातील अपघातात निधन.' त्याच्या बाजूला दुकानासारखी फळी, आणि फळीवर विकायला लहान लहान कुप्या. 'कुमुद – एका गृहिणीचा सुगंध.'

"हे तुझ्या वडिलांना माहीत आहे?" मी विचारलं.

"कुड्या दिल्यात एवढं माहीत आहे. वासाचं त्यांना सांगितलं नाही. दालन दोन महिने सुरू आहे, पण रीतसर उद्घाटन आज बाराला त्यांच्या हातून आहे ना, तेव्हा कळेल. दुसरी कुडी त्यांच्यासमोरच वाचायची आहे. आत्तापर्यंत एकच वाचलीय." तिनं माझा हात धरून मला नळीपाशी नेलं. "मी दर शनिवारी येते, मावशी. लोक देवळात जातात तशी. चल की."

मी वाकले. निलोफरनं कळ दाबली.

काय सांगू! माक्याचं तेल. रिठ्याचा कडवट फेस. पानातला कात, अक्का चोरून खायची तो. आणि त्याखाली गळ्याशी धरल्यावर येणारा आंबट दुधाचा वास, ऋजुता अंगावर पीत होती तेव्हाचा. अक्का माझ्यासमोर उभी होती. परकराच्या नाडीची गाठ सुटेना म्हणून मला शिव्या देत होती. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी माझ्या मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "अहो, आटपा ना, रांग आहे."

मी सरळ होणार, एवढ्यात वास बदलला.

रॉकेल.

"हा शेवटचा थर," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "मीच ठेवायला सांगितला. ती स्टोव्हवरच गेली. खरं ते खरं."

मागची बाई नळीशी पोचली होती. "अय्या, रॉकेल! आमच्या आजोळी असाच यायचा. किती छान! याची कुपी केवढ्याला?"

मला उलटी आली. निलोफरनं मला धरून आतल्या खोलीत नेलं. मोरीत सकाळचा चहा पडला. तोंड धुतलं तरी तो वास जाईना. हॉस्पिटलातल्या अक्काच्या खाटेभोवतीही तोच होता. अक्का दीड दिवस जगली, पण बोलली नाही. तिचं डोकं, मान, कान, सगळं भाजलेलं. घरात गॅसच्या दोन शेगड्या असताना स्टोव्ह कशाला पेटवला, हे कुणी विचारलं नाही. मला मात्र तिचे उघडे कान दिसले होते. मी सासूबाईंना विचारलं, "कुड्या कुठायत?" त्या म्हणाल्या, "आदल्या रात्रीच काढून कपाटात ठेवल्यान्." दाजींनीही पोलिसांना तेच लिहून दिलं होतं. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, अरविंद हुकेरीकर.

पदरानं तोंड पुसलं आणि तशीच उभी राहिले.

"निलोफर, कपाटात ठेवलेल्या कुडीला रॉकेल कसं लागतं?"

"कपाटात?" तिनं दार लोटून घेतलं. "आजी, त्या थरात रॉकेल आणि केसांचं तेल एकत्र कालवलेलं आहे. आणि भरपूर आहे. रॉकेलचं बोट कानाला लागून एवढं येत नाही. केसांवरून ओघळून आलं असावं. तेव्हा कुड्या कानांतच होत्या."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही. तोच शेवटचा."

"काजळी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "शून्य. एका जळालेल्या दुकानातला हिरा मी वाचलाय. काजळी हिऱ्याला सगळ्यात आधी चिकटते. नुसती धग लागली असती तरी आतलं तेल करपलं असतं. इथं काहीच करपलेलं नाही. मी अहवालात लिहिलंय. पान नऊ. कुणी विचारलं नाही."

रॉकेल लागलं तेव्हा कुड्या कानांत होत्या. आग लागली तेव्हा नव्हत्या. मळसूत्राला वेळ लागतो. दोन्ही कानांची मळसूत्रं फिरवायला तर बराच. स्वतः ओतून घेतलेली बाई काडी ओढायच्या आधी दागिने कपाटात ठेवून येत नाही. कुणीतरी आधी ओतलं, मग शांतपणे खडे सोडवून घेतले, मग काडी ओढली. चार पिढ्यांचे खडे जळू नयेत म्हणून.

मी नळ सोडून पुन्हा तोंड धुतलं.

मी बाकावर बसले. गप्प बसणं सोपं होतं, मला त्याची सवय होती. दाजी पंच्याऐंशीचे, चाकाच्या खुर्चीत, अर्धे विसरलेले. ऋजुताच त्यांचं सगळं करते, अगदी अंग पुसण्यापर्यंत. सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली. सांगायचं तर माझं 'नाही'ही सांगावं लागणार. ऋजुता विचारणार, तुला कुठून संशय आला? तू तेव्हा का नाही बोललीस? आणि मग माझ्या दारात ती पुन्हा येणार नाही. न सांगावं तर ती दर शनिवारी इथं येऊन आपल्या आईच्या खुनाला नाक लावणार, आणि तिला तो आईचा वास वाटणार.

ते मला सहन होईना.

बाराला खुर्ची आली. दाजींना कोट घातला होता. मला बघून ते म्हणाले, "कोण? शैला का? म्हातारी झालीस गं."

"तुम्ही नाही झालात जणू, दाजी."

ते हसले. दात नवे होते. फोटोवाले, चारपाच पाहुणे, ऋजुता खुर्चीमागे उभी. तबकात मखमलीवर दुसरी कुडी. निलोफर माझ्याकडे बघत होती.

"आधी त्यांना पहिल्या कुडीचा वास दे," मी म्हणाले. "शेवटचा थर. तेवढाच."

"अगं, आधीचे दे ना, छान आहेत ते," ऋजुता म्हणाली.

"शेवटचाच. दाजी, एक विचारू? अक्का गेली तेव्हा कुड्या कुठं होत्या?"

"कपाटात," ते लगेच म्हणाले. छपन्न वर्षांपूर्वी पाठ केलेलं, एक शब्दही न हलता. "आदल्या रात्री काढून ठेवल्या होत्या."

निलोफरनं नळी त्यांच्या नाकाशी आणली.

त्यांनी एकदा श्वास घेतला. मग चेहरा सैल पडला. लहान मुलाला झोपेतून उठवल्यावर होतो तसा. डोळे कुठंतरी लांब. कोटाच्या बाहीतून हात बाहेर आला आणि अंगठा व बोट एकमेकांवर घासू लागले.

"डावीकडचं निघत नव्हतं," ते म्हणाले.

"काय निघत नव्हतं, बाबा?" ऋजुता त्यांच्यावर वाकली. तिला वाटलं, शर्टाचं बटण.

"मळसूत्र. तेलकट झालं होतं ना सगळं. हातातून सटकायचं. आई म्हणाली, अरे घाई कर, ती हलतेय." त्यांनी पुन्हा हुंगलं. "धुऊन ठेव म्हणून सांगितलं होतं आईला. पुसून ठेवल्यान् नुसत्या."

एका फोटोवाल्यानं सवयीनं फोटो काढला, आणि त्या उजेडात मला ऋजुताचा चेहरा दिसला. तो पुन्हा बघायची वेळ कुणावर येऊ नये.

"कोण हलत होतं?" तिनं विचारलं.

दाजींनी मान वर केली. आता त्यांना लोक दिसले, काचा दिसल्या, मुलगी दिसली. "कोण? काय? मला घरी ने. इथं रॉकेलचा घाण वास येतोय."

"बाबा, कोण हलत होतं?"

"घरी ने म्हणतोय ना!"

ऋजुता त्यांच्याकडे बघत होती. आज सकाळीच तिनं त्यांची दाढी केली असणार. गालावर साबणाचा पांढरा ठिपका राहिला होता. ती तो पुसायला पुढे झाली, सवयीनं, आणि हात अर्ध्यातच ओढून घेतला. पदरात पुसला. पुन्हा पुन्हा पुसला.

मग तिनं निलोफरला विचारलं, "दुसऱ्या कुडीतही असंच असेल?"

"असणार."

"आणि वाचलं की जळून जातं."

"हो."

"मग ती आता वाचायची नाही." तिनं तबक उचलून निलोफरच्या हातात दिलं. "कपाटात ठेवा. कुलूप लावा. पोलीस आल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. संग्रहालयाच्या अध्यक्षांनाही नाही." एक पाहुणे मध्ये बोलू लागले, संस्थेचं नाव वगैरे. ती त्यांच्याकडे वळलीही नाही. खुर्चीच्या मागे गेली, पायानं ब्रेक लावला आणि म्हणाली, "बाबा, बसा. आपल्याला घरी जायचं नाहीय."

तासाभरानं पोलीस आले. इन्स्पेक्टर बाई चाळिशीच्या होत्या, शांत. त्यांनी दालन बंद करवलं. बाहेर दारापाशी ती मघाची बाई आपल्या कुपीचे पैसे परत मागत होती. आतल्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या. दाजी दुसऱ्या खोलीत होते, त्यांना डुलकी लागली होती, असं शिपाई म्हणाला. डुलकी!

ऋजुता माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता. "मावशीला विचारा," ती इन्स्पेक्टरना म्हणाली. "हिच्यामुळेच कळलं. ही कधी खोटं बोलत नाही."

तो हात धरून मी अजून दहा वर्षं सहज जगले असते. मला नक्की माहीत आहे, तिनं माझंही अंग पुसलं असतं.

"आजी," इन्स्पेक्टर म्हणाल्या, "त्या वेळी तुमचा जबाब घेतला होता का?"

"घेतला होता."

"काय सांगितलं होतं?"

"सासरी त्रास नव्हता, असं सांगितलं होतं."

"आणि होता?"

"होता. मला माहीत होता. महिनाभर आधी अक्का मला म्हणाली होती, शैला, मला इथून घेऊन चल. मी पोलिसांना ते सांगितलं नाही. तिचे कान उघडे दिसले, तेही सांगितलं नाही."

ऋजुतानं माझा हात लगेच सोडला नाही. आधी तिची बोटं थंड पडली. मग एकेक करून सुटली. ती उठली. खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली, नीट, माझ्या घरी जेवण झाल्यावर ठेवायची तशी, आणि माझ्याकडे न बघता दार उघडून बाहेर गेली.

"थोडं थांबायचं का, आजी?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "लिहून घ्या. श्रावणातला मंगळवार होता. हळदीकुंकवाला म्हणून मी अक्काच्या सासरी गेले होते..."